तेलकट पापण्या, नाजूक कातडी अन् वैशाखातलं लग्न: आयशॅडो टिकवायची कशी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. भावाचं लग्न वैशाखात आहे, हातात अजून २५ दिवस आहेत, पापण्या तेलकट म्हणून आयशॅडो लावली की तासाभरात डोळ्याच्या घडीत जाऊन बसते अन् तिथे रेघ पडते, डाग झाकायचा कन्सीलर खाली लावून पाहिला तर अर्ध्या तासातच सगळं गोळा झालं, मग थ्रेडिंग करून आल्यावर मैत्रिणीचा प्रायमर, म्हणजे शॅडो धरून ठेवायला खाली लावतात तो लेप, लावला तर आग झाली, डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, अन् आता तू विचारते आहेस की टिकेल पण अन् झोंबणार पण नाही असा प्रायमर कोणता घेऊ, साडी हिरवी आहे म्हणून शॅडो पण हिरवीच पाहिजे. वय २४ लिहिलं आहेस म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नको. मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात पार्लर चालवते, १७ वर्षं झाली, नवरीचे मेकअप बहुतेक खेड्यातच घरी जाऊन करते, म्हणजे एसीचा हॉल वगैरे नाही, मांडव, कूलर, अन् लाइट गेली तर पुठ्ठ्याने वारा घालायचा. म्हणून जे सांगते ते तसल्याच जागेत करून पाहिलेलं आहे.

खरं सांगू का, तुझी अडचण प्रायमर कोणता ही नाहीच. तुझ्या दोन अडचणी आहेत अन् त्या एकमेकींच्या उलट ओढून राहिल्या आहेत. तेलावरही जे घट्ट धरून बसते त्यात हवेत उडून जाणारे द्राव अन् चिकट पापुद्रा बनवणारे पदार्थ जास्त असतात, ते नाजूक कातडीला झोंबू शकतात. अन् नाजूक कातडीला जे बरं वाटते, क्रीम, बाम, अगदी कन्सीलरसुद्धा, ते स्वतःच मऊ अन् तेलकट असते, त्यावरून शॅडो घसरते. त्यामुळे तू अजून घट्ट प्रायमर शोधत गेलीस तर आग वाढेल अन् अजून मऊ शोधत गेलीस तर रेघ लवकर पडेल. मला यातून एकच रस्ता सापडला आहे, पापणीवर एकूण माल कमी ठेवायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा, अन् काय झोंबते ते लग्नाच्या आधीच शोधून काढायचं. बाकी सगळं याच्यातूनच निघते.

माल कमी काहून म्हणते ते सांगते. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो, म्हणजे तासाला हजाराच्या आसपास. दर वेळी पापणीची कातडी घडीत जाऊन कातडीवर घासते. वरून उन्हाळा, खालून तेल, अन् मधे हजार वेळा घासणं. थर पातळ असला तर तो कातडीसोबतच दुमडतो अन् उघडतो. जाड असला तर तो सरकतो, अन् सरकून जाईल कुठे तर घडीत. म्हणून आयशॅडो टिकत नाही म्हणून अजून थोडी लाव, अजून पावडर मार, हे जे सगळ्या करतात ना त्यानेच रेघ लवकर पडते.

आता तेल कुठून येते ते आधी पाह्य, कारण सगळ्यांचं तेल एकाच जागेचं नसते. उद्या सकाळी तोंड धुऊन काही न लावता दोन तास घरची कामं कर. मग पातळ टिश्यूची पट्टी घे, डोळा मिटून पापणीवर ठेव अन् दहा मोजेपर्यंत बोटाने हलकीच दाबून धर, घासू नको. मग ती पट्टी खिडकीच्या उजेडात धर. जिथे तेल लागलं तिथे कागद पारदर्शक दिसेल, भज्याखालच्या पेपरसारखा. माझ्याकडे ट्रायलला येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी आधी हेच करायला लावते अन् बहुतेकींना आश्चर्य वाटते, कारण डाग त्यांना वाटला होता तिथे नसतो.

पापणीच्या केसांजवळ बारीक ठिपक्यांची ओळ उमटली तर ते तेल पापणीच्या काठातून येऊन राहिलं आहे. तिथे मायबोमियन नावाच्या ग्रंथी असतात, एका वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, अन् त्यांचं काम डोळ्यातलं पाणी लवकर सुकू नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर देणं हे आहे. हे तेल बंद करायचं नाही, डोळ्याला ते लागते. फक्त काठाला लागून क्रीमचं काही लावायचं नाही. पण काठावर कोंड्यासारख्या पापडी दिसत असतील, सकाळी डोळे चिकटत असतील, खाज असेल, तर तो मेकअपचा विषय नाही, तो पापणीचा आजार असू शकतो अन् त्याच्यावर उपचार आहेत, तालुक्याला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून घे, २५ दिवसात खूप फरक पडू शकतो. डाग वर, भुवईच्या खाली आला तर ते तेल कपाळाचं अन् केसांचं आहे, पापणीचं नाहीच. अन् सगळी पट्टी सारखी भिजल्यासारखी झाली तर मात्र तुझी पापणी खरोखरच तेलकट आहे अन् तुला खाली पापुद्र्याचा आधार लागेल.

भुवईवाली गोष्ट लोक विसरतात म्हणून एक प्रसंग सांगते. नागभीडकडे एका खेड्यात मे महिन्यात नवरीचा मेकअप होता. दुपारचे तीन वाजले होते, खोलीत कूलर, बाहेर मांडवात उभं राहवत नव्हतं. शॅडो लावली, वीस मिनिटात रेघ. पुसून पुन्हा लावली, पुन्हा रेघ. तिची आई म्हणे, "बाई, अजून थोडी पावडर मारा ना, चमकून राहिली पोरगी." मी हात थांबवला अन् तिच्या तोंडाजवळ जाऊन नीट पाहिलं. भुवईचा एकेक केस चमकत होता, अन् इयरबड ओला करून पापणीच्या केसांच्या मुळाशी फिरवला तर कापूस पिवळा. सकाळी तेल-हळद लागली होती, डोकं तेलाने माखलं होतं, तोंड धुतलं होतं पण भुवयांत अन् पापणीच्या मुळाशी हळदीचं तेल तसंच बसलं होतं अन् गरमीने हळूहळू खाली उतरत होतं. वरून ती कूलरच्या अगदी तोंडासमोर बसली होती, दमट हवा सरळ चेहऱ्यावर. मग सगळं काढलं, भुवया फेसवॉशचा फेस बोटाने चोळून धुतल्या, ओल्या कापडाने तीनदा पुसल्या, केसांच्या कडेला पट्टी बांधली, खुर्ची बाजूला घेतली म्हणजे वारा पाठीवर येईल, अन् पाच मिनिटं काहीच लावलं नाही, नुसतं सुकू दिलं. मग आधीपेक्षा अर्धाच माल लावला. सातचा मुहूर्त होता, वरात आली साडेआठला, पाठवणी झाली तेव्हा बारा वाजून गेले होते अन् तिच्या डोळ्यावर तपकिरी रंग तसाच होता, फक्त आतल्या कोपऱ्यात थोडा पुसला होता रडल्यामुळे. त्या दिवसापासून मी भुवया धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावत नाही. तू नवरी नाहीस पण करवली आहेस, हळद तुलाही लागणारच, तेव्हा हे तुझ्यासाठी पण आहे.

आता आग. मला वाटते तुझ्या बाबतीत हे तेलापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबते. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, जेमतेम अर्धा मिलिमीटर, कुठे त्याहूनही कमी, त्यामुळे गालाला जे काहीच करत नाही ते तिथे झोंबते. पण झोंबणं अन् झोंबणं यात फरक आहे. लावल्या लावल्या चुरचुरलं अन् मिनिट दोन मिनिटात, फार तर तासाभरात शांत झालं, तर ते बहुतेक त्यातल्या उडणाऱ्या द्रावाचं आहे किंवा कातडी आधीच सोलवटलेली होती त्याचं. पण लावलं तेव्हा काही नाही अन् दुसऱ्या तिसऱ्या दिवशी खाज, लाली, सूज, पापणी सुरकुतल्यासारखी झाली, तर ती अॅलर्जी असू शकते, ती साधारण ४८ ते ७२ तासांनी अशीच उशिरा वर येते, अन् मग ती वस्तू पुन्हा थोडी कमी लावून पाहू असं करायचं नाही, ती कायमची बाजूला. तू लिहिलं आहेस की लगेच आग झाली अन् तासाभराने बरं वाटलं, म्हणजे पहिल्या प्रकारातलं दिसते.

अन् तू थ्रेडिंग करून आली होतीस. धाग्याने केस ओढले की सोबत वरची कातडी पण बारीक बारीक सोलते, त्यावर काहीही लावलं तरी आग होईल, गुलाबपाणीसुद्धा झोंबते. म्हणून मी त्या प्रायमरला लगेच दोषी धरणार नाही. थ्रेडिंग लग्नाच्या चार दिवस आधी करून घे, आदल्या दिवशी नाही, त्या दिवशी तर नाहीच. दुसरी शंका म्हणजे तो मैत्रिणीचा होता, उघडून किती दिवस झाले माहीत नाही. डोळ्याचं सामान एकमेकींचं वापरायचं नाही, डोळे येण्यासारखे त्रास त्यातून लागू शकतात. अन् तिसरी शंका, तू स्कूटीवर दुपट्टा बांधून येत असशील, आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बांधतात, त्याची कड पापणीवर घासत राहते, अन् आत सनस्क्रीन घामासोबत डोळ्यात उतरते. काही सनस्क्रीन डोळ्यात गेलं की भयंकर झोंबतात. डोळ्याभोवती लावायचं असेल तर झिंक ऑक्साइडवालं घे, ते सहसा कमी त्रास देते.

अजून एक गोष्ट जी पोरींना पटत नाही पण खरी आहे. पापणीला खाज येते तेव्हा दोष पापणीवर लावलेल्या वस्तूचाच असतो असं नाही. नेलपेंटमुळे पापणीवर अॅलर्जी उठते हे कातडीच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, कारण नखांची कातडी जाड, तिथे काही होत नाही, पण तोच हात दिवसभर डोळ्याला लागतो. केसांच्या रंगाचं पण तसंच, त्यात पीपीडी म्हणून एक पदार्थ असतो, अन् झटपट काळी होणाऱ्या मेहंदीत पण तोच मिसळतात. लग्नाच्या आठवड्यात नेलपेंट, मेहंदी, केसांचा रंग सगळं एकदमच होते अन् चेहरा सुजला की नाव येते मेकअपवालीच्या पावडरचं. केस रंगवायचे असतील तर दोन आठवडे आधी रंगवून घे, अन् काळी मेहंदी कोणी फुकट दिली तरी लावू नको.

म्हणून टेस्ट. मनगटावर एकदा लावून दहा मिनिटं पाहण्याला काही अर्थ नाही, वर सांगितलं तसं अॅलर्जी उशिरा येते. जे काही घेशील ते कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात दिवस लाव. काही झालं नाही तर मग एकाच पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडंसं, तीन दिवस. दोन नव्या वस्तू एकाच वेळी टेस्ट करायच्या नाहीत, नाहीतर कशाने झालं ते कळणारच नाही. २५ दिवसात दोन वस्तू आरामात तपासून होतात.

अन् हे हात जोडून सांगते. गोरं व्हायच्या, डाग जायच्या म्हणून मेडिकलमधून ज्या ट्यूब आणतात ना, त्यातल्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं लिहिलेलं असते. डॉक्टरने दिली नसताना ती लावून राहिली असशील, अन् हात फिरवताना पापणीलाही लागत असेल, तर कातडी अजून पातळ होते अन् मग सगळंच झोंबते. पापणीवर जास्त दिवस गेलं तर डोळ्याच्या आतला दाब वाढून नजरेला धोका होऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या "नाजूक कातडी" म्हणणाऱ्या पोरींपैकी कितीतरी जणींची कातडी जन्मापासून नाजूक नव्हती, या ट्यूबने झाली. तू लावत असशील तर अशी एकाएकी बंद पण करू नको, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखव, कारण एकदम सोडलं की चेहरा भडकतो.

आता काय घ्यायचं. माझं मत विचारशील तर तू प्रायमर घेऊच नको. मॅट रंगाची वॉटरप्रूफ क्रीम शॅडो स्टिक घे, तुझ्या कातडीपेक्षा एक दोन छटा गडद तपकिरी. तीच खालचा बेस अन् तीच रंग, म्हणजे प्रायमर वेगळा लागत नाही, पापणीला एक वस्तू कमी लागते, टेस्ट पण एक कमी करायची, अन् काही झालं तर दोषी लवकर सापडतो. पट्टी सगळी भिजली असेल तरच खाली प्रायमर. त्याच्या डब्यावर डायमेथिकोन किंवा शेवटी सिलॉक्सेन येणारी नावं पहिल्या काही ओळीत असतील तर तो सिलिकॉनचा, तेलावर तो बरा टिकतो. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स लिहिलेला असेल तर तुला नको, अन् पहिल्याच काही नावांमध्ये अल्कोहोल डिनॅट असेल तर तोही नको. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण एकीला चाललेलं दुसरीला चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, तुझ्यासारखीला तर नाहीच. पण डब्यावर बनवणाऱ्याचं नाव पत्ता, बॅच नंबर अन् किती तारखेपर्यंत वापरायचं हे पाहिजेच, आठवडी बाजारातल्या मोठ्या पॅलेटवर हे नसेल तर तो डोळ्यापासून लांब ठेव. उघड्या डबीचं छोटं चित्र असते अन् त्यात ६ किंवा १२ लिहिलेलं असते, ते उघडल्यानंतरचे महिने. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत तर विचारूच नको, तेव्हा क्रीमची स्टिक पर्समध्ये उन्हात ठेवू नको, घरात माठाजवळ ठेवलीस तरी चालते. मी तर माझं क्रीमचं सगळं सामान थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटासोबत नेते.

लग्नाच्या दिवशी असं कर. आदल्या रात्री, मेकअपच्या आधी नाही, पापणीला साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी थोडं लाव. तुला वाटेल तेलकट पापणीला काहून, पण आपली उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की वर पापडी सुटते अन् खालून तेल येतच राहते, दोन्ही एकाच वेळी. त्या पापडीत शॅडो अडकते अन् झोंबते पण तिथेच. सकाळी तोंड धुताना भुवया अन् केसांची कड नीट धू. मेकअपला बसायच्या आधी टिश्यूने पापणी दाबून घे. आता स्टिक. पापणीच्या मधोमध एक छोटी रेघ ओढ, घडीच्या खालीच, अन् अनामिकेने थापत थापत पसरव, ओढू नको. वीस पंचवीस सेकंदात पसरवून झालं पाहिजे, नंतर ते बसायला लागते अन् मग हात लावला की गोळे होतात. प्रायमर वापरत असशील तर त्याचं माप दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाचा एक दाणा.

अन् आता जे मी सगळ्या पोरींना दटावून सांगते, डोळे उघडायचे नाहीत. खाली बघत, डोळे मिटून पूर्ण एक मिनिट बसायचं. ते ओलं असताना डोळा उघडलास की पापणी घडीत चिकटते अन् तिथेच वाळते, म्हणजे रेघ तू स्वतःच पाडून घेतलीस, तेलाचा काही दोष नाही. त्यातला आयसोडोडेकेनसारखा द्राव उडून जायला लागतो तो हा वेळ, तो उडाला की मागे पापुद्रा राहतो, अन् ओल्यात जे थोडं चुरचुरते ते पण डोळे मिटलेले असले तर कमी लागते. ट्रायलला येणाऱ्या निम्म्या पोरींचं रेघ पडणं एवढ्यानेच थांबते, खोटं नाही सांगत.

मग त्याच रंगाची, आधी टेस्ट केलेली मॅट पावडर शॅडो चपट्या ब्रशवर घे, झटक, अन् दाबून बसव. घासून नाही, दाबून. हे मी पार्लरच्या कोर्समध्ये नाही शिकले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, रात्रभर नाटक चालते. मी नवीन होते तेव्हा एका रंगभूषा करणाऱ्या काकांच्या मदतीला दोन सीझन जायची. ते पफ कधी फिरवत नसत, फक्त ठेवायचे अन् उचलायचे, ठेवायचे अन् उचलायचे, अन् म्हणत, "पोरी, रंग घासला का निघते, दाबला का राह्यते." ते काम थंडीच्या रात्रीचं होतं, उन्हाळ्याचं नाही, पण दाबण्याचं त्यांचं म्हणणं दोन्हीकडे खरं आहे.

हिरव्या रंगाचं मला माहीत आहे, साडीला शोभेल. पण गडद हिरवा अन् चमकीचा रंग सगळी पापणी भरून लावलास तर घडीत पडलेली केसाएवढी रेघ पण लांबून दिसते. कातडीच्या जवळचा तपकिरी मॅट घडीत गेला तरी कोणाला कळत नाही, म्हणून घडीत नेहमी तोच. हिरवा फक्त पापणीच्या मधल्या भागात, बोटाच्या टोकाने, घडीला न शिवता, किंवा नुसती पापणीच्या केसांना लागून हिरवी रेघ. तुझी पापणी वरून झाकली जाणारी असेल, म्हणजे डोळा उघडला की मधला भाग दिसतच नसेल, तर मग केसांजवळची रेघच ठेव, मधल्यासाठी मेहनत करू नको. दोन्ही प्रकार आरशात करून पाह्य, पण डोळे उघडे ठेवून, सरळ समोर बघून. मिटलेल्या डोळ्यावर सुंदर दिसणारं उघड्या डोळ्यावर वेगळंच दिसते. अन् चमकी लावायची हौस असेल तर डोळ्यासाठीचीच, शाळेच्या क्राफ्टची चमकी कधीच नाही, तिचे तुकडे कडक असतात, डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडतो.

काजळ आतल्या काठावर तुला नको, लग्नापुरतं तरी. ते मेणाचं अन् तेलाचं असते, तुझ्या पापणीवर ते वितळून खालीवर दोन्हीकडे पसरेल अन् शॅडो पण सोबत नेईल. सुरमा तर नाहीच, बऱ्याच सुरम्यात शिसं असते. मस्करा ट्यूबिंग प्रकारचा भेटला तर बघ, तो प्रत्येक केसाभोवती नळीसारखा बसतो, तेलाने पसरत नाही अन् रात्री कोमट पाण्याने निघून जातो, म्हणजे काढताना पापणी घासावी लागत नाही. सेटिंग स्प्रे, म्हणजे मेकअप बसवायचा फवारा, मारणार असतील तर आधी डब्यावर अल्कोहोल पाह्य, अन् असेल तर मारताना डोळ्यांवर दोन टिश्यू धर. कोणी सांगेल डिओ लाव, हेअरस्प्रे मार, मिल्क ऑफ मॅग्नेशिया लाव, मुलतानी मातीचा लेप दे म्हणजे तेल थांबेल. पापणीवर यातलं काहीच नको. तेल आतून येते, वरून सुकवल्याने ते कमी होत नाही, फक्त कातडीचं वरचं कवच जाते अन् मग साधं पाणी पण चुरचुरते.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर आधी कागदाची पट्टी, मग एक स्टिक अन् सात दिवस कोपरावर, थ्रेडिंग चार दिवस आधी, त्या दिवशी भुवया धुणं, पातळ थर, एक मिनिट डोळे मिटून, अन् घडीत फक्त तपकिरी. लग्नाच्या आधी एखाद्या दिवशी पूर्ण मेकअप करून दुपारी घरकामात वावरून पाह्य, चुलीजवळ पण जा, कारण त्या दिवशी आरशासमोर थोडीच बसून राहणार आहेस, पाहुण्यांच्या पंगती अन् पाणी देणं करवलीच्याच मागे असते. सहा सात तास टिकलं तर समज जमलं. तुझी पापणी सगळीच तेलाने भिजणारी असेल तर बारा तासांचं वचन मी देणार नाही, मधे एकदा हात लावावाच लागेल.

तो हात असा लावायचा. रेघ दिसली की त्यावर पावडर टाकू नको, ओल्या चिखलावर माती टाकल्यासारखं होते. दुमडलेला टिश्यू पापणीच्या घडीवर दाबून तेल उचलून घे, मग स्वच्छ अनामिकेने रेघ हळूच पसरव, अन् मग ब्रशवर नखभर मॅट तपकिरी दाबून दे. रडू आलं तर डोळा पुसू नको, टिश्यूचं टोक खालच्या काठाला आतल्या कोपऱ्यात लाव, पाणी तो कागद स्वतःच ओढून घेतो. पर्समध्ये टिश्यू, दोन इयरबड अन् तेवढी एक शॅडो, बस.

अन् रात्री कितीही उशीर झाला तरी ते काढून झोप. तेलाचं रिमूव्हर वापरलंस तर कापूस भिजवून डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेव, मग एकाच दिशेने खाली पुस, नंतर फेसवॉशने ते तेल धुऊन टाक, कारण तो तेलाचा थर राहिला तर दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला लावलेली शॅडो वीस मिनिटं पण टिकायची नाही. सकाळी पापणी थोडी लाल दिसली तर तो दिवस काही न लावता जाऊ दे. सूज असली, डोळा उघडायला जड जात असला, अंधुक दिसत असलं, तर घरात पाहुणे आहेत म्हणून थांबू नको, त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, अन् लावलेल्या वस्तूंचे डबे सोबत ने, म्हणजे त्यांना त्यातलं काय काय लावलं होतं ते वाचता येईल.